शाई पाहणारी बांगडीवाली

माहं नाव गिरजाबाई, माहेर पारशिवनीकडचं, अन् लगन होऊन आली ते इथं, लकडगंजच्या मागच्या ह्या मोहल्ल्यात, नवरा आरा मशीनवर लाकडं चिरे, तो जाऊन आता लय वर्षं झाली. धंदा माहा मायकडून आला. माय आठवडी बाजारात बांगड्या घेऊन बसे अन् मले सांगे, गिरजा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं नको पाहू, हाताकडं पाह्य. जिंदगीभर तेच केलं मी. दुपारी माणसं कामावर गेली का टोपली घेऊन निघो, बायका दारात बसत, अन् मी एकेकीचा हात घेऊन म्हणो, ढिला सोड वं, ढिला सोड, भांडण नाही करून राहिली मी तुह्यासंग. आंगठा आत दाबायचा, हाडावरून बांगडी हळूच फिरवायची, अन् तेवढ्या वेळात ती बाई काय काय सांगून टाके, सासूचं, नवऱ्याचं, पोटातलं. काय सांगू तुम्हाले, हात धरला का बाई बोलतेच. मी आइको अन् पुढच्या दारी जाओ. इकडचं तिकडं केलं नाही कधी, म्हणून तर मले हात देत होत्या.

मंग ती मॅडम आली. लोकसभेचं मतदान होऊन तीन-चार दिवस झाले होते, लग्नसराई होती, एका घरी आठ-दहा बायका बांगड्या भराले बसल्या होत्या, तर ही मॅडम अन् तिच्या संग दोन पोरी वही घेऊन आल्या अन् विचाराले लागल्या, ताई तुम्ही मत दिलं का, ताई तुम्ही दिलं का. सगळ्या हाव हाव म्हणाल्या. अन् मले हसू आलं. माहंच तोंड, दुसऱ्याले काय बोल लावू. मी म्हटलं, मॅडम, अर्ध्या खोटं बोलून राहिल्या, मी आत्ताच सगळ्यायचे हात पाह्यले. बायका हसल्या, मले मारल्यासारखं केलं, मॅडमही हसली, पण जाताना माहा पत्ता लिहून घेतला तिनं.

सदर भागात तिचं ऑफिस होतं, वर जिन्यानं जा लागे. मले खुर्ची देल्ली, चहा देल्ला, अन् म्हणे, लोक मत काहून देतात अन् काहून देत नाही, हे मी शिकून राहिली. शेजारी पाहून राहिले असं समजलं का माणूस जास्त जाते का मत टाकाले, एवढंच तिले पाहायचं होतं. पण लोकायले विचारलं का ते खोटं सांगतात. म्हणून म्हणे, गिरजाबाई, तुम्ही विचारू नका, हात तर धरताच तुम्ही, बोटावर शाई आहे का एवढं पाहा, अन् घराच्या नंबरापुढं लिहा. नाव लिहायचं नाही. माणसायसाठी तिनं कटिंगच्या दुकानवाल्याले धरलं होतं, तो त्यायचे हात पाहे. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. मले कोणी कधी लिहायचं काम देल्लं नव्हतं. तिनं फाइल देल्ली, पेन देल्ला, म्हणे, खरं तेच लिहा, तुमच्यावर भरोसा आहे माहा. छाती फुगली माही. खोटं काहून बोलू, लय फुगली.

आता वंदनाचं सांगते. आमच्याच गल्लीतली सून, सासू, सासरा, नवरा अन् ती, असे चार जण मत देणारे. पोट्टी गरीब सभावाची, हात असा मऊ का दोन-चारच्या लहान मापाची बांगडी सरकन जाये. तिच्या लहान बहिणीनं आपल्या मर्जीनं लगन केलं होतं, अन् बापानं त्या जावयाले घरात घेतलं, एवढाच बापाचा गुन्हा, तेवढ्यावर ह्या सासूनं सांगून टाकलं का त्या घरचं पाणी प्यायचं नाही अन् त्या घरची पायरी चढायची नाही. बाप इकडं आजारी पडून दवाखान्यात आला तरी नाही.

तर मी तिच्या दारी बसली, तिचा डावा हात घेतला, अन् बोटावर काळा डाग. सासू तिथंच तांदूळ निवडून राहिली होती. ती आत गेली तसं मी बोट वळवून पाह्यलं. शाई नव्हती ते. शाई नखावर चढते, नखासंग वाढत जाते, महिना-महिना राहते. हिचं नख पांढरं होतं, अन् चामडी काळी, कडेनं फोड आलेले. बिब्बा होता. बिब्बा गरम करून त्याचं तेल लावलं होतं तिनं बोटाले, अन् ते उतलं होतं. मी म्हटलं, काय केलं वं हे, जळून जाईन बोट. तिच्या डोयात पाणी आलं. म्हणे, काकू, मत टाकाले जातो म्हणून घरून निघाली, लाइन लय मोठी होती, तसीच ऑटोत बसून दवाखान्यात गेली, बाबाले पाह्यलं, भात चारला दोन घास, मंग टाइमच नाही राह्यला. घरी समजू नका देऊ काकू. मी म्हटलं, माह्या पोटात राहीन. टोपलीतून खोबरेल काढलं, तिच्या फोडाले माह्या हातानं लावलं, वरून हिरव्या बांगड्या भरल्या.

अन् घरी येऊन फाइल उघडली अन् त्या घराच्या नंबरापुढं फुली मारली. मत नाही देल्लं. खरं तेच लिहा म्हणे ना मॅडम. पेन हातात होता अन् मले वाटलं, एक रेघ तर आहे, नाव कुठी लिहून राहिली मी. देवाशपथ सांगते, मी कोणापाशी ब्र काढला नाही.

विधानसभेच्या मतदानाआधी मॅडमच्या चिठ्ठ्या आल्या. घरोघरी, बंद पाकिटात, छापील. मागच्या मतदानात तुमच्या घरातल्या चार जणांपैकी तीन जणांनी मत दिले, शेजारच्या दोन्ही घरांतून सगळ्यांनी दिले, ह्या मतदानानंतरही अशीच चिठ्ठी सगळ्या शेजाऱ्यांना जाईल, असं. नाव कोणाचंच नाही. मॅडमनं शब्द पाळला होता. पण घरात माणसं चार, अन् तिघं सकाळी संगच जाऊन आले होते, मंग चौथं शोधाले पोलीस लागते का?

सासू ती चिठ्ठी घेऊन माह्या दारी आली. मांगं वंदना उभी, पदर तोंडात. म्हणे, गिरजा, हिच्या बोटाले तर काळं होतं तवा, मी माह्या डोयानं पाह्यलं, अन् कागद म्हणते मत नाही देल्लं. हात तर तूच धरतं हिचा, सांग आता, काय होतं ते? मी नुसतं म्हणायचं होतं, शाई होती बाई, कागद चुकला. एवढंच. चार शब्द. अन् मले सुचलं नाही. मले वाटलं मॅडमचा कागद खोटा कसा म्हणू, माह्याच हातचा आहे. मी खाली पाह्यलं. सासू म्हणाली, समजलं मले, अन् सुनेकडं फिरून म्हणे, मंग त्या दिवशी दोन घंटे कुठी होती तू? वंदना मात्र माह्याकडंच पाहून राहिली होती. अजून पाहते, मी जेवाले बसली का.

त्या दिवसापासून तिचं एकटीनं बाहेर जाणं बंद. देवळात सासू संग, भाजीले सासू संग. मतदानाच्या दिवशी नवऱ्यानं तिले गाडीवर नेलं अन् गाडीवर आणलं. तवापर्यंत काही ना काही निमित्त काढून ती बापाले भेटून येत होती, तेही गेलं. थंडीत बाप मेला. मौतीले नेलं तिले, नवरा संग होता, घंटाभरात परत. शेवटी-शेवटी तो दवाखान्यातल्या नर्सले वंदना म्हणून हाक मारे, असं तिची बहीण सांगत होती लोकायले.

अन् मतदान कसं झालं, सांगू? लय झालं. म्हातारे खुर्चीत बसवून नेले, बाळंतीण गेली, आमच्या गल्लीत एक माणूस राह्यला नाही. मॅडम संत्रा बर्फी घेऊन आली माह्या घरी, खुश होती, म्हणे गिरजाबाई, सोशल प्रेशर काम करते हे दिसलं आपल्याले. मी म्हटलं, हाव, काम तर करते. मंग मी विचारलं, अन् वंदनाचं काय? ती म्हणे, कोण वंदना? तिच्यापाशी नुसता घराचा नंबर होता ना. मी सगळं सांगतलं. बाई वाईट नव्हती हो, तोंड उतरलं तिचं, म्हणे असं होईन असं वाटलं नव्हतं, सॉरी. वहीत काहीतरी लिहिलं अन् गेली. बर्फी मी गाईले घातली. पण गाईले घालून काय होते?

हात पाहून लिहिणारी मीच, हे बायकायले समजाले टाइम नाही लागला. कोणी भांडलं नाही, काही नाही, फक्त हात देणं बंद केलं. आता दुकानातून डझनाचा डबा आणतात अन् साबण लावून आपल्या आपण चढवतात, फुटल्या तर फुटल्या. मी दारावरून जाते तर हात पदराखाली जातात, मी पाहते ना. टोपली खाटंखाली ठेवली आहे, आता लोकायच्या साड्याले फॉल लावते.

आत्ता महापालिकेचं मतदान झालं. मी दारात बसली होती, वंदना बूथवरून आली, पह्यल्यांदा एकटी होती, काय माहीत कशी, सीधी माह्यासमोर येऊन थांबली अन् डावं बोट माह्या डोयापुढं धरलं. नखावर निळी-काळी शाई, अन् खाली चामडीवर तो जुना डाग, बिब्ब्याचा, तो जात नाही. म्हणे, पाहून घ्या काकू, ह्या खेपेस असली शाई आहे, लिहून घ्या. मी हात पुढं केला, सवयीनं केला, धराले. तिनं मांगं घेतला अन् चालली गेली.

हे पाहा माहं बोट. शाई नाही. ह्या खेपेस मी गेलीच नाही मत टाकाले, घरातच बसून राहिली दिवसभर, अन् अख्ख्या मोहल्ल्यात कोणी विचारलं नाही का गिरजाबाई, काहून नाही गेली. माहा हात कोण पाहते आता?

तुम्ही हे लिहून राहिले, तर त्या पोट्टीचं नाव बदलून टाका, गल्लीचंही लिहू नका. अन् किती जण होते घरात, ते तर मुळीच नका लिहू. देव तिले बरं ठेवो. तिचे हात भरलेले राहो, कोणाच्याही हातानं भरो.