तिसऱ्या दासीचं माप

— अगं, श्वास नको आत ओढूस! सगळ्या जणी हेच करतात. टेप कमरेला लागला की पोट पाठीला चिकटलंच म्हणून समजा. मी त्याच मापाचा झगा शिवते आणि कॅमेऱ्यापुढे बाईसाहेबांनी आवाज चढवला की ह्यांचे श्वास सुटतात नि हुक तटातटा तुटतात — मग माझ्या नावानं शंख. सोड श्वास. अशी. घरी भाजी चिरताना उभी असतेस ना, तशी उभी राहा. हो, दासीसुद्धा तशीच उभी असते, राजवाड्यातली झाली म्हणून काय झालं? कितवी दासी तू? तिसरी. म्हणजे पंखेवाली. चांगलंय, पहिलीला तबक धरून उभं राहावं लागतं, हात भरून येतात, दुसरीला एक वाक्य आहे म्हणून ती सकाळपासून हवेत आहे. तुला नुसता पंखा हलवायचाय. कमी हलवलास तरी ओरडतील, जास्त हलवलास तरी ओरडतील, मनाला लावून घ्यायचं नाही. तुला अगं-तुगं केलेलं चालतंय ना? माझं वय बघ नि तू ठरव. इथे मला सगळे मावशीच म्हणतात, दिग्दर्शकसुद्धा — चेष्टेनं म्हणतो तो, पण म्हणतो.

एक विचारू? चाळिशीला आलेली बाई दासी व्हायला येत नाही इकडे. येतात त्या वीस-बावीसच्या, आरशात बघत मापं देतात. तू एकदाही आरशाकडे बघितलं नाहीस, दाराकडेच बघतेस मघापासून. हौस म्हणून आलीस? बरं बाई, हौस तर हौस. हौसेला मोल नाही — थांब, हलू नकोस, छाती चौतीस. लिहू दे.

गोष्ट सांगितली का तुला पिक्चरची कुणी? नाही ना? कुणालाच सांगत नाहीत. पंखा कुणावर हलवतोय हे तरी माणसाला ठाऊक हवं! ऐक. हिंदी पिक्चर आहे, म्हणजे राजघराणं आलं, तलवारी आल्या आणि राजवाड्यात एक गुपित आलं. राजाला वारस पाहिजे मुलगा, राणीला होते मुलगी. मग काय, राणीची इमानी दाई स्वतःचा मुलगा पाळण्यात ठेवते आणि राजकन्या घेऊन जाते झोपडीत. तीस वर्षं तोंडाला कुलूप. तिकडे राजकन्या लाकडं फोडता फोडता तलवार शिकते — कशी ते विचारायचं नाही — आणि एक दिवस भर दरबारात येऊन उभी राहते. गळ्यात लॉकेट. ते बघून राजमाता, म्हणजे तीच म्हातारी झालेली राणी, तिला ओळखते, व्हायोलिनं वाजतात, सगळे रडतात. मी विचारलं दिग्दर्शकाला, म्हटलं साहेब, तीस वर्षं ही पोरगी नदीत पोहली, घामाघूम झाली, मारामाऱ्या केल्या, आणि लॉकेट अजून लखलखतंय? तर म्हणतो, मावशी, तुम्ही फक्त काजं करा. करते बापडी. पण मला विचारशील तर माणूस दागिन्यानं नाही ओळखू येत. चेहऱ्यानंही नाही, चेहरा काय, मेकअपवाला अर्ध्या तासात बदलतो. माणूस ओळखावा मापानं. हात बाजूला कर. कोपरापासून मनगट… सव्वानऊ.

तर हा ओळखीचा सीन आहे ना, तिथेच सगळं अडलंय. परवा अकरा टेक झाले, काल नऊ. राजमाता म्हणजे आपल्या बाईसाहेब — हो, त्याच, पोस्टरवरच्या. सगळं आयुष्य एका टेकमध्ये काम केलेली बाई ती! लांबच लांब भाषणं घडाघडा म्हणते, दाईवर ओरडते, सिंहासनावरून उठते, पायऱ्या उतरते, सगळं ठीक, आणि त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून चार शब्द म्हणायचे, यह मेरी बेटी है, की गप्प. विसरतात म्हणावं तर तसंही नाही. तोंड उघडतात, नुसतं उघडंच राहतं. आता लोक बोलायला लागलेत, वय झालं, आठवत नाही. निर्माता काल व्हरांड्यात फोनवर दुसऱ्या बाईशी तारखांचं बोलत होता, मी कान टवकारले नव्हते, पण बहिरीही नाही. आज जेवणानंतर शेवटचा प्रयत्न. जमलं तर जमलं, नाही तर राजमाता बदलणार. चाळीस वर्षांच्या कामाचा असा शेवट व्हायचा, चार शब्दांपायी. मला रात्रभर झोप नाही. हसू नकोस, मी काही त्यांची बहीण नाही की मावशी नाही, नुसती शिवणारी. पण ज्या बाईचे तीनशे-साडेतीनशे ब्लाऊज शिवले तिचं दुखलं-खुपलं कळतं गं आपल्याला.

का अडतात? ते मला काय माहीत! … तू पण ना, गरीब गायीसारखी उभी आहेस आणि प्रश्न बरोबर नेमके विचारतेस. बरं, एक गंमत सांगते. बाईसाहेबांची नाही हं, दुसऱ्याच एका नटीची. जुनी गोष्ट. तेव्हा हा स्टुडिओ एका कुटुंबाचा होता. आम्ही शिवणखात्यातल्या पोरी मालकाला थोरले महाराज म्हणायचो आणि त्याच्या मुलाला धाकटे महाराज. मालकीणबाई येऊन गेल्या की सगळ्या वाकून मुजरा करायचो, पाठीमागे अर्थात. तर ह्या धाकट्या महाराजांचा जीव जडला त्या नटीवर. ती बावीसची. ह्यांचं लग्न दुसरीकडे ठरलेलं. पुढचं तुला सांगायला नको. पिक्चर अर्धा झालेला आणि नटीला तिसरा महिना. तिला माहीत, महाराजांना माहीत, आणि तिसरी मी — कारण डॉक्टरच्या आधी कळतं ते शिंपिणीला. दोन आठवड्यांत दोनदा शिवण उसवायला सांगितली तिनं, म्हणाली, मावशी, भात जास्त होतोय. तेव्हा मी मावशी नव्हते, पंचवीसची होते, पण ती लाडानं म्हणायची. मी म्हटलं, भात असा नाही चढत, बाई. तशी गळ्यात पडून रडली.

मग मी काय केलं असेल? सांग! अगं, कंबरच उचलली! झग्याची कंबर घेतली सरळ छातीखाली आणि तिथून घेर सोडला खालपर्यंत, पुढे लेसचा धबधबा. आत चार-चार बोटं माया, लागेल तसं उसवून सैल करायला. दिग्दर्शक म्हणाला, हे काय? मी म्हटलं, परदेशात आता हेच चाललंय. मला परदेश काय माहीत, मी बसनं चार गावांपलीकडे गेले नव्हते! पण पिक्चर पूर्ण झाला, कुणाला पत्ता लागला नाही, आणि मजा म्हणजे पिक्चर लागल्यावर ती फॅशनच झाली. कॉलेजच्या पोरी तसलेच झगे मागायला लागल्या, लग्नाच्या मुली मागायला लागल्या, एक हेडमास्तरीण मागायला आली! मी मनात म्हणायची, बायांनो, हा कशासाठी शिवलाय ते कळलं तर दुकानातच मूर्च्छा येईल. अजून जुनी माणसं सांगतात, तो निळा लेसचा झगा…

काय झालं? का बघतेस अशी? — अगं बाई. निळा म्हणाले का मी? तो निळा झगा कुणी घातला होता ते तर शेंबड्या पोरालाही ठाऊक, बाहेर भिंतीवर एवढा मोठा फोटो आहे. बघ, अडतीस वर्षं गिळून बसले आणि आज तुझ्या दंडाला टेप लावता लावता… जीभ की काय ही. बरं, ऐकलंस ते ऐकलंस. आता विसर. पंखेवाल्या दासीनं ऐकलेलं राजवाड्याबाहेर जात नाही, काय? नाही जाणार म्हणतेस. तुझा चेहरा बघून विश्वास बसतोय माझा, का ते माहीत नाही.

मुलगी झाली. हो, मुलगीच. अकरा दिवसांची असताना मीच नेऊन दिली, अस्तराच्या मऊ कापडात गुंडाळून, बसनं. मांडीवर झोपली होती. वाटेत एकदा तिनं माझं बोट धरलं आणि माझ्या मनात आलं, उतरावं कुठेतरी, घेऊन जावं हिला आपल्याच घरी… नाही केलं. दिला शब्द पाळला. भली माणसं होती, मूलबाळ नव्हतं, एवढंच सांगेन. कुठे दिली ते बाईसाहेबांनाही सांगितलं नाही, त्यांनीच माझा हात हातात घेऊन शपथ घातली होती. म्हणाल्या, मी रडले, पाया पडले, तरी सांगायचं नाहीस. मला कळलं तर मी जाऊन उभी राहीन आणि त्या पोरीचं घर मोडेल. एकदाच विचारलं त्यांनी, सात-आठ वर्षांनी. पायाच पडल्या. मी टाके घालत राहिले, वर बघितलं नाही. दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस आपणहून आल्या नि म्हणाल्या, बरं केलंस. पिक्चरमधली दाई इमानी म्हणून टाळ्या घेईल गं. खऱ्या इमानाचं असं आहे, ते कुणाला बरं वाटत नाही, पाळणाऱ्याला तर मुळीच नाही. लोक येतात, जातात, मी इथे बसून इतरांच्या मापाचं शिवत असते आणि कधीकधी वाटतं, त्या दिवशी मी चुकले. जाऊ दे. पाठ कर इकडे. खांदा राहिलाय.

खांदा पावणेचौदा. पाठ साडेचौदा. डावा खांदा अर्धा इंच उतरता — घेतलं लिहून. झालं, हात खाली कर.

थांब हं. हे काय लिहिलं मी? श्या! म्हातारपण. बोलण्याच्या नादात बाईसाहेबांचं माप लिहून बसले तुझ्या नावावर. पावणेचौदा, साडेचौदा, डावा उतरता, सव्वानऊ — सगळं त्यांचंच. चाळीस वर्षं तेच लिहितेय ना, हात आपोआप चालतो. नशीब आत्ताच बघितलं, नाही तर तिसरी दासी राजमातेच्या खांद्यांनी दरबारात उभी राहिली असती! परत वळ. चष्मा लावते. सरळ उभी राहा, सैल… हं. पावणे… पावणेचौदा.

पाठ साडेचौदा.

तुझा डावा खांदा लहानपणापासून असाच? पडली-बिडली होतीस का? नाही. शाळेचं दप्तर नेहमी घसरायचं. हो, घसरणारच.

कोपर दे. सव्वानऊ.

बस जरा. मीच बसते. … वडील काय करायचे तुझे? घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसलेले असायचे, समोर पितळेच्या डब्या… मला कसं माहीत? घड्याळवाले सगळे असेच बसतात, त्यात काय! आणि आई? कधी गेली? दोन महिने झाले. जाताना काही — नको. नको, मला सांगू नकोस. तुला जे सांगितलं ते तुझ्यापाशी ठेव. मला विचारूही नकोस. मी शपथेतली बाई आहे, माझ्या तोंडून काही निघायचं नाही. निघालंय का काही? झग्याच्या फॅशनवर बोलले मी, बस. डोळे पूस. माझे नाहीत ओले, सुईत दोरा ओवून ओवून पाणी येतं.

जेवायची सुट्टी झाली का? घंटा झाली. मग ऐक नीट. तो मांडणीवरचा जरीचा झगा घे. राजमातेचा आहे, त्याच सीनचा. व्हरांड्यातून सरळ जा, शेवटचं दार. ह्या वेळी बाईसाहेब एकट्या असतात. मावशी का नाही आली विचारतील, तर सांग, मावशीचे गुडघे धरलेत. तुला पाठवलंय झगा चढवायला, बाकी काही माहीत नाही. तुला काय बोलायचंय, बोलायचंय की नाही, ते तुझं तू बघ. पंखा हलवायला दहा जणी मिळतील मला. पाठीला बावीस हुक आहेत, त्यांच्या हाताला येत नाहीत. खालून लावत वर जायचं, घाई करायची नाही, आणि शेवटी डावी बाजू जरा वर ओढून टाचायची. कशी ते तुला शिकवायला नको.

जा. उभी काय राहिलीस? दार ओढून घे.