सुब्बीकडे बघायचं कसं

तुम्ही हसाल, पण बायकोच्या मांजरीने मला वर्षभर घरात जाड मोजे घालून फिरायला लावलं. ही वारल्यावर तिची सुब्बी घरात सगळ्यांच्या मांडीवर बसायची, झडप मात्र फक्त माझ्या पोटऱ्यांवर. मला वाटायचं, हिच्याशी मी धड वागलो नाही, ते मांजरीला ठाऊक असणार.

शेवटी मुलगा म्हणाला, "अण्णा, रविवारी तिला मारतहळ्ळीला मित्राकडे देऊन येतो. हे ओरखडे सोसायचं वय आहे का तुमचं?"

हिची मांजर अशी कशी देऊन टाकायची? शनिवारीच मी सुब्बीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. प्रत्येक झडपेची वेळ, जागा, शेपटीची अवस्था, सगळं त्यात होतं.

"एवढं टिपलंत कसं?"

"ही गेल्यापासून सुब्बी उदास तर नाही ना, म्हणून रोज तासभर समोर बसून तिच्याकडे बघतो. नजर हलवत नाही."

बाई हसल्या. "सर, असं टक लावून बघितलं की मांजराला वाटतं, हा भांडायला आलाय. स्वल्प दुसरीकडे बघा."

त्या संध्याकाळी मी खिडकीबाहेर बघत बसलो. अर्ध्या तासाने मांडीवर ऊबदार ओझं आलं. मान वळवायचा धीर मला झाला नाही.

बसवनगुडीत हिला बघायला गेलो होतो, तेव्हाही घाबरून मी उप्पिटाच्या बशीतून मान वर काढली नव्हती. "म्हणून तर हो म्हटलं," असं ही नंतर सांगायची.