राखीव गड्याचा फ्लेक्स

...आन् फ्लेक्स फेकून काहून द्यायचा, मला सांगा? बारा बाय आठचा, जाड, थेंब आत जात न्हाई. आमच्या हट्टा गावात कुनाचा फ्लेक्स फेकलेला दिसला का तुमाला? वाढदिवसाचा गोठ्यावर हाय, निवडनुकीचा कडब्यावर हाय, मग मी ह्यो हळदीवर टाकला त काय गुन्हा केला? हळद शिजवून वाळू घातलेली, आभाळ भरून आलं, अशा वक्ताला मानूस हातात येईल ते ओढतो का फोटो कुनाचा हाय ते पाहातो? चूक माझीच हाय, मी कुठं न्हाई म्हनतो, पन ऐकून त घ्या!

फोटो होता रूपसिंगचा. शेजारच्या तांड्यावरल्या पेमाभाऊचं पोरगं. त्याला कबड्डीच्या मैदानात पयल्यांदा उतरवला मी, तवा गावच्या टीमचा कॅप्टन होतो, पोटबी आत होतं. ते पोरगं टीव्हीवरल्या कबड्डीत गेलं, पगारी खेळाडू म्हनून! तांडा नाचला, गाव नाचलं, आन् म्या फ्लेक्स लावला. मधात रूपसिंग, वरच्या अंगाला मी. आता माझा फोटो त्याच्याहून जरा मोठा आला, ते त्या फ्लेक्सवाल्यानं केलं... बरं, म्या सांगितलं म्हनून केलं. चूक माझीच.

मग मॅचेस सुरू झाल्या. वैजनाथच्या हाटेलात सगळं गाव टीव्हीपुढं, पेमाभाऊ नवा पटका बांधून पुढच्या बाकड्यावर. पयली मॅच झाली. रूपसिंग कुठं? बाहेर, गळ्यात टावेल. दुसरी मॅच, टावेल. पाचवी, आठवी, अकरावी... टावेलच! तुमाला सांगतो, अख्ख्या सीजनात पोरगं तीनदा उठलं, तिन्ही खेपा दुसऱ्यांना पानी द्यायला.

वैजनाथ म्हने, "तात्या, राखीव रेडर लागतोच. मोठ्या रेडरचा गुडघा गेला त चढाईला कोन जाईल?" म्हनलं, त्या मोठ्याचा गुडघा लोखंडाचा हाय, जानार न्हाई. म्हने, शेवटच्या पाच मिनिटाला तो दमला त? म्हनलं, दमत न्हाई. म्हने, गाडीला स्टेपनी ठेवत न्हाईत का? तवा मला काय सुचलं देव जाने, म्हनलं, "ठेवतेत की, पन दसऱ्याला स्टेपनीला हार घालतेत का?" सारं हाटेल हसलं. एकदा हाटेल हसलं की माझं तोंड थांबतंय व्हय? म्हनलं, "बसूनच राहायचं होतं त वैजनाथकडं बाकडी काय कमी हायेत?"

पेमाभाऊनं अर्धा चहा तसाच ठेवला आन् उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून मॅच पाहायला आला न्हाई. मला दिसलं ते, न दिसल्यासारखं केलं. चूक माझीच. घरी येऊन फ्लेक्स बी उतरवला, म्हनलं कशाला टांगून ठेवायचा.

आता या हळदीवर. आभाळ आलं, म्या फ्लेक्स टाकला. रंगाची बाजू वर, न्हाईतर शाई हळदीला लागती. उडू नये म्हनून दगड ठेवले, एक दगड बराबर रूपसिंगच्या नाकावर. आन् मागून आवाज आला, "तात्या, पाया पडतो."

रूपसिंग! सुट्टीवर आलेला. त्यानं फ्लेक्स पाहिला, म्या त्याला पाहिलं. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला पायजे होती हो. त्यानं काय करावं? थेंब पडून राहिले होते, त्यानं दुसरं टोक धरलं, म्हने, "तिकडची हळद उघडी पडली, वढा." आम्ही दोघं त्याचंच तोंड वढून राहिलो, तो तिकडून, मी हिकडून.

मग छपरात बसून म्हने, टीमनं पुढल्या सालीबी बोलावलंय, राखीव म्हनूनच. मी बोलून गेलो, काम काय असतंय रे राखीवाला? त्यानं सांगितलं. उद्या ज्या टीमसंगं मॅच, तिचा मोठा रेडर आज सकाळच्या सरावात रूपसिंगनं व्हायचं. तसंच पाऊल टाकायचं, तसंच वळायचं, आन् आपल्या सात जनांनी त्याला पाडायचं. रोज साठ खेपा. त्यानं मार खाऊन काळा पडलेला खांदा दाखवला, म्या मान वळवली. सीजनभर मीच वरडत होतो, आपल्या टीमच्या पकडी एक नंबर म्हनून!

म्हने, "बा जाऊ देत न्हाई. लोक हसतेत म्हनतो. तात्या, तुमी समजावा, तुमचं ऐकतो तो."

त्याला ठाऊकच न्हाई लोकाला हसवलं कुनी.

तांड्यावर गेलो. पेमाभाऊच्या बायकोनं, रुक्माबाईनं, चहा दिला. पेमाभाऊ सारं ऐकून हळूच म्हनला, "तात्या, तुमी बोलले तवा हाटेलात पन्नास मानसं होती. हितं मी न् रुक्मा."

बराबर बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी हाटेलात उभा राहिलो, पेमाभाऊ कोपऱ्यात. म्हनलं, मंडळी, राखीव रेडर लई कामाचा. आन् कोन आडवा यावा? वैजनाथ! म्हने, "स्टेपनीला हार घालतेत का?" म्हनलं, अरे, तूच त राखीवाच्या बाजूनं होता! म्हने, होतो, पन तुमीच पटवून दिलं, आता पटलंय. साठ खेपांचं सांगितलं, त म्हनतेत, म्हंजे मार खायलाच ठेवलाय. जे बोलावं त्याला माझंच जुनं वाक्य आडवं येऊन राहिलं. तासभर भांडलो आन् माझ्याशीच हरलो. शेवटी हात जोडले. म्हनलं, "म्या चुकलो. लेकराच्या मेहनतीवर हसलो, लाज वाटती मला." त त्यांना ते बी इनोदीच वाटलं. पुन्हा हसले.

पेमाभाऊ उठला, माझा हात धरून म्हनला, "बसा तात्या. लई झालं. पोरगं जाईल."

गेलं. आता नवा सीजन सुरू हाय, रूपसिंग बाहेरच बसलेला. समोरच्या रेडरला आपल्यांनी पकडला की सारं हाटेल पकडनाऱ्याचं नाव घेतंय आन् मी एकटा वरडतो, रूपसिंग! पेमाभाऊ बाजूला बसून खाली पाहातो. बाकीचे म्हनतेत, तात्याला येड लागलं, पोट धरून हसतेत. काय बोलू त्यांना? हसायला त मीच शिकवलंय.