कोंडवाड्याची जमा

...अन् वरून गाववाले मलेच म्हनतात, ‘लक्ष्मीचंदभाऊ, सूचक तुम्हीच होते!’ हाव, होतो! बोट वर केलं, सही केली, आता काय बोट कापून देऊ? तुम्हाले सांगतो, मानसानं काहीही मागावं, पन ग्रामपंचायतीच्या बजेटात रपटा मागू नये.

रपटा म्हंजे काय, मोठा पूल नाई मागितला बापा! आमचा टोला, म्हंजे वस्ती, इकडं, शाळा तिकडं, मधात नाला. पानी खालून जाले चार सिमेंटच्या पायल्या, मोठे नळे, टाकले, वर मुरूम दाबला, झालं काम. मांगच्या जुलैत माही पोरगी योगेश्वरी, सातवीतली, दप्तरासकट वाहून जाऊन राहिली होती... बेशरमाच्या झुडपाले अटकली म्हनून आज घरी दिसते. म्हनून गेलो बजेटाच्या सभेले. ग्रामसेवक ओमेश साहेब, गोंदियाहून येनं-जानं करते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कागदातून मान वर नाई, म्हनते कसा, ‘खर्च टाकतो भाऊ, चाळीस हजार टाकतो. पर जमा कुठून दाखवू?’

म्हटलं, वरून सरकारचा येते ना पैसा! तर म्हने तो बांधलेला असते, पान्याचा पान्यात, संडासाचा संडासात. म्हटलं, मंग नाल्यात काय दूध वाहाते? पानीच आहे ना! ‘पिन्याचं पानी पायजे भाऊ.’ आता सांगा! माह्या पोरीनं पोटभर प्यालं ना ते!

बरं, घरपट्टी वाढवा. तर सारी सभा अंगावर! बाजाराची वसुली वाढवा. तर बाजारात दोन भाजीवाल्या अन् एक चपलावाला, तो बी आठवड्याआड येते. तलावाचा ठेका? तीन वर्साचा आधीच देला. ‘मंग जमा कुठून दाखवू?’ शेवटी साहेबाचं बोट एका ओळीवर थांबलं. कोंडवाडा! मोकाट ढोर पकडा, दंड घ्या. मांगच्या वर्साची जमा किती? सहाशे रुपये. यंदाची किती धरली? चाळीस हजार! एका म्हशीले दोनशे, म्हंजे दोनशे म्हशी. म्हटलं साहेब, गावात ढोरंच सारे मिळून नव्वद! तर शांतपने म्हनते, ‘एकच ढोर दोनदा पकडता येते ना.’ अन् मी येड्यानं बोट वर केलं! सरपंच निर्मलाबाईनं टाळी वाजवली. मंजूर!

पन गाव काय झोपलं होतं? एप्रिल लागला, अन् ज्यानं जलमात दावं विकत घेतलं नव्हतं त्यानं बी ढोर बांधलं! शिपाई कैलाश दोर घेऊन गल्लीगल्ली फिरून राहिला, पन गावात मोकाट म्हनाल तर एकटा कैलाशच! महिन्याची जमा शून्य. साहेब म्हनते, ‘जमा नाई तर पायल्या नाई.’ म्हटलं, बरं बापा, मीच देतो! थोडे थोडे देतो, लिहा माह्या नावानं! तर कपाळाले आठ्या, ‘पर भाऊ, देनगीची जमा कुठून दाखवू? बजेटात तर दंड धरला आहे.’

काऊन हसता? हसू नका! पोरगी वाहून गेली तर बजेटात ओळ नाई, म्हैस सुटली तर ओळ आहे! राग येते ना, असा राग येते... पन करतो काय? रोज सकाळी मीच माह्या दोन म्हशी सोडून राहिलो. त्या बी शहान्या! सोडल्या तरी दारातच उभ्या, माह्या तोंडाकडं पाहत. मंग मीच ढकलत ढकलत चौकात नेतो, अन् कैलाश म्हनते, ‘भाऊ, तुम्ही जरा दूर व्हा. मोकाट दिसल्या पायजे.’ दूर होतो. तो पकडते, मी चारशे भरतो, दोघीच्या दोन पावत्या घेतो, सोडवून घरी आनतो. त्याइचंच दूध विकतो, त्याइच्याच दंडात भरतो. आतापर्यंत पावत्या बावन्न, अन् पायली आली एक. नाल्याच्या काठी पडली आहे, तिच्यात कुत्री व्याली. तीन पायल्या बाकी, अन् पाऊस तोंडावर.

परवा घरी आलो तर योगेश्वरी म्हशीले दावं लावून राहिली होती, मायेनं, पुढ्यात कुटार टाकून. असा वरडलो मी तिच्यावर! म्हटलं, ‘कायले बांधतेस वो? शाळेत जायचं नाई का तुले?’