मरण, जकात आणि संताजीराव

माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील कारभारी मंडळी, देवासच्या दोन्ही पातींतील बंधूंनो, आणि चिकाच्या पडद्यामागे बसलेल्या माझ्या भगिनींनो,

संताजीराव आज जकात नाका सोडून पेन्शन घेत आहेत. त्यांच्याविषयी बोलायला एका बाईला उभे केलेत, हा आपला मोठेपणा.

कॉन्व्हेंटात आमच्या मदर एक इंग्रजी म्हण सांगत: या जगात दोनच गोष्टी चुकत नाहीत, मरण आणि कर. लग्नानंतर ती मी आमच्या स्वारीला ऐकवली. स्वारी म्हणजे इथले जकात-अधिकारी, संताजीरावांचे साहेब. नाव मी घेत नाही, आपण जाणताच. खो खो हसून म्हणाले, "त्यातलं एक आमच्याकडे! मदरना कळव, देवासात चुकणार नाही."

आणि चुकले नाहीच. धारहून माझ्या माहेरची आंब्यांची करंडी आली, ती संताजीरावांनी तशीच सोडली. स्वारीने ती परत नाक्यावर धाडली. "घरचं म्हणून सोडलंस, तर उद्या परक्याला कोणत्या तोंडानं अडवशील?" जकात भरून आलेले ते आंबे मग आम्ही तिघांनी ओसरीवर खाल्ले. संताजीराव तेव्हा रोज संध्याकाळी चहाला येत; मदरची म्हण त्यांनाही पाठ झाली होती.

पुढे स्वारी गेली. घर धाकट्या पातीच्या राज्यात, स्मशान थोरल्या पातीच्या राज्यात, मध्ये नाका. सरणासाठी निघालेली आमच्याच परसातल्या लाकडांची गाडी संताजीरावांनी अडवली. लोक ओरडले, "अरे भिया, शरम कर! साहेब आहेत तुझे!" संताजीराव हात जोडून एवढेच म्हणाले, "साहेबांचाच हुकूम आहे." दिरांनी जकात भरली. संताजीराव पागोटे काढून, अनवाणी, प्रेतामागून चालत गेले. त्यानंतर आमच्या ओसरीवर कधी आले नाहीत.

संताजीराव, मान वर करा. दिरांनी रागारागाने हे घरी सांगितले, तेव्हा रडता रडता मला हसू फुटले. मदरच्या म्हणीतल्या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसून आल्या होत्या! ज्यांना हे सांगावे, ते सरणावर. दुसरे समजणारे तुम्ही, आणि तुम्ही वाट बदललीत. त्या दिवशी हसले, हे विधवेने आणखी कोणाजवळ बोलावे? मी रागावले आहे, असे इतकी वर्षे समजलात ना? अहो, मी चहाला थांबले होते.

सभेने निमूट ऐकून घेतले, मी ऋणी आहे. घरगुती बोलण्यात काही अधिकउणे गेले असेल, ते पोटात घाला. आणि संताजीराव, उद्या संध्याकाळी ओसरीवर या. धारचे आंबे आले आहेत. नव्या नाकेदाराने जकात घेऊनच सोडले आहेत.