पुसता न येणारे फॉर्म

देवाचं नाव घ्यायला वेळ-काळ लागत नाही हे मला ठाऊक होतं गं, पण देवाचं नाव कारखान्याच्या कॉम्प्युटरलाही लागेल असं वाटलं नव्हतं.

लोधिवलीला यांच्या ऑफिसात तेव्हा नवाच कॉम्प्युटर आला होता. कामगारांची माहिती भरायचे फॉर्म यांनी स्वतः पडद्यावर आखले, एक हजेरीचा, एक रजेचा, आणि नावं दिली एफ-वन, एफ-टू. सोबतीला कडावचे शांतारामभाऊ. फ्लॉपीत जागा करायची म्हणून त्यांनी दोनदा ते फॉर्मच पुसले.

"एफ-वन म्हंजे काय ते मला काय ठाव? रद्दी वाटली!"

महिनाअखेरीला मोठे साहेब यायचे होते. फॉर्म दिसले नाहीत, तर कॉम्प्युटर दुसऱ्या कारखान्यात जाणार आणि हे पुन्हा रजिस्टरं खरडणार. यांना जेवण जाईना. सोमवारचा उपास सोडताना मीच म्हटलं, "अहो, पुसायला हात धजणार नाही अशी नावं द्या ना."

हजेरीचा झाला मारुती, रजेचा गणपती. महिनाभर कुणी बोट लावलं नाही.

साहेबांनी सगळं पाहिलं. "उत्तम. कॉम्प्युटर इथंच राहील. फक्त रजेचे नियम बदललेत, तेवढा गणपती पुसून नवा आखा."

शांतारामभाऊ खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

"साहेब, अनंत चतुर्दशीला अजून दोन महिने हायत. तवर मी नाय हात लावायचा."