सत्यवानच्या शर्टाचं सील

...नाही, तुम्हीच सांगा, चौदा तास एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, मुंबईच्या त्या सरकारी प्रयोगशाळेच्या खिडकीपुढे ताटकळायचं, आणि चष्मा वर सरकवून तो कारकून काय म्हणणार? "सील शाबूत नाही. परत न्या." अहो, परत न्या काय? पापलेट आहे का ते, शिळं निघालं म्हणून परत न्यायला? शर्ट आहे शर्ट! रक्ताने भरलेला, सत्यवानचा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी हवालदार गंगाराम. साल चौऱ्याऐंशी, मे महिना. तोंडवलीला जाळ्यावरून मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, तो इस्पितळात बेशुद्ध. आणि तासाभरात हा सत्यवान किनाऱ्यावरून येताना सापडला, शर्ट लालभडक! मीच धरला त्याला. तो ओरडतोय, "सायबानू, ता रगात मोरीचा आसा हो! मोरी कापलंय मी! माका कित्याक धरतास?" आमचे साहेब घाटावरचे. "मोरीत? मोरीत कुठून आलं रक्त?" आता साहेबांना कोणी सांगायचं, की मोरी म्हणजे न्हाणीतली नव्हे, समुद्रातला मासा! सांगितलं मीच. तर म्हणतात, "माशाचं की माणसाचं ते मुंबईवाले ठरवतील. तोवर राहू दे आत."

म्हणजे रिपोर्ट येईपर्यंत सत्यवान तुरुंगात, त्याची होडी वाळूत, आणि त्याची बायको शेवंती रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर. "हवालदारांनू, रिपोर्ट इलो काय?" एकच प्रश्न. रडणं नाही, शिव्या नाही... शिव्या परवडल्या असत्या हो!

पहिल्या खेपेला काय झालं, तुम्हाला सांगतो. शर्ट सावलीत वाळवला, कागदात बांधला, पंचांसमोर लाख ओतली, पितळी शिक्का दाबला. त्याच शिक्क्याचा नमुना पत्रावर उमटवला, म्हणजे मुंबईवाल्यांनी दोन्ही ठसे ताडून बघायचे. सगळं नियमात! आणि कसालला एक बाई एसटीत चढली, तिने माझ्या पिशवीवर ठेवला फणस. केवढा? एवढा! "रवांदे हो, खाता काय तो तुमका?" फणस काही खात नाही बाई, पण लाखेचा झाला की भुगा! खिडकीवर काय? सील शाबूत नाही. परत न्या.

बरं, आलो परत. शिक्का खिशातच राहिला, तो चुकून घरी गेला. आमची मथुरा... गुणी बाई, पण हात म्हणून स्वस्थ नाही! सकाळी बघतो तर शिक्का सोन्यासारखा. "किती काळो झाल्लो हो! बिंबलां चोळून घासलंय. बघा कसो चकचकीत दिसता!" बिंबलं म्हणजे आमच्याकडचं आंबटढाण फळ, त्याने पितळ उजळतं. वीस वर्षांची लाख साचली होती त्या अक्षरांत, सगळी निघाली. मी खूश! नव्याने सील केलं, काय सुरेख ठसा! मुंबई गाठली. कारकुनाने भिंग काढलं. "हवालदार, पत्रावरचा ठसा निराळा आणि पार्सलावरचा निराळा." पत्र जुनंच होतं ना! त्याच्यावर ठसा घासायच्या आधीचा, भरलेल्या अक्षरांचा, आणि पार्सलावर बिंबलांनी न्हालेला! अहो, शिक्का तोच आहे, नुसती आंघोळ घातलीय त्याला! ऐकतोय कोण? परत न्या!

तेव्हा मात्र मी भांडलो. खिडकीवर मूठ आपटून भांडलो. मग आतून तपासणीच्या नीरजाबाई आल्या. शांतपणे म्हणाल्या, "हवालदार, उद्या आम्ही लिहिलं रक्त माशाचं, आणि वकिलाने विचारलं, वाटेत शर्ट बदलला नाही कशावरून? मग आमचा कागद तुमच्या माणसाच्या काय कामाचा?"

तुमच्या माणसाच्या! मी बेड्या घातल्या त्याला, आणि म्हणे तुमचा माणूस! पण तुम्हाला सांगतो, तिथेच माझी मूठ सैल झाली. त्या बोटभर लाखेवर सत्यवानचं आयुष्य होतं, आणि मी तिच्यावर फणस ठेवू दिला. लाज वाटली मला.

मग ठरवलं. आता सील फुटलं तर गंगाराम नोकरी सोडेल! नवं सील, नवं पत्र, नवा नमुना, पार्सल कापूस घातलेल्या खोक्यात, खोकं मांडीवर, दोन्ही हातांचं कुंपण. चौदा तास! पाणी नाही प्यालो, कारण पाणी प्यालं की उतरावं लागतं, आणि उतरलं की मांडी सुटते. शेजारचा दहा वेळा विचारतोय, "खाजा काय हो, मालवणचा?" म्हटलं, सरकारी आहे, खाल्लं तर फाशी! आणि खिडकीवर? भिंग फिरलं, फिरलं... "सील शाबूत." पोच हातात! पायांना मुंग्या आलेल्या, नाहीतर तिथेच नाचलो असतो.

पावसाळ्याच्या तोंडावर रिपोर्ट आला. रक्त मानवी नाही, माशाचं आहे. शेवंतीला वाचून दाखवला. ती पायरीवर बसली आणि पहिल्यांदा रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू? सत्यवान सुटला, पावसाआधी होडी झावळ्यांनी शाकारायला वेळेत पोचला.

आणि साहेबांनी पाठीवर थाप मारली. "शाबास गंगाराम! खरा आरोपी सापडला. त्याचे दोन शर्ट, लुंगी, टॉवेल आणि कोयता. पाच पार्सलं! ह्या कामात तुझ्याइतका तयार माणूस जिल्ह्यात नाही. उद्याच्या गाडीने नीघ."

पाच! आणि मला देवाने मांड्या दिल्यात दोन... तुमच्यापैकी उद्या कोणी मुंबईला जातंय का हो?